रात्रीचा फोन कोण उचलणार?

नोव्हेंबर १९८२ मध्ये ऑक्सफर्डच्या पूर्व भागात, काउली रोड आणि इफ्ली रोड यांच्यामधल्या साध्या वस्तीत, एका अँग्लिकन मठाच्या बागेत आठ मुलांपुरतं एक घर सुरू झालं. नाव होतं हेलन हाउस. ज्यांचा आजार बरा होणार नाही हे कळून चुकलं आहे, अशा मुलांसाठी मुद्दाम बांधलेलं जगातलं हे पहिलं हॉस्पिस मानलं जातं. पुढच्या चाळीस वर्षांत एकट्या ब्रिटनमध्ये अशा चाळीसहून अधिक संस्था उभ्या राहिल्या. कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथेही ही कल्पना पोचली. त्यामुळे मुलांच्या हॉस्पिसचा इतिहास सांगताना बहुतेक जण या घरापासून सुरुवात करतात.

ती सुरुवात दहा वर्षं उशिराची आहे. शिवाय तिच्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात इमारत ठसते आणि कामाचा गाभा बाजूला राहतो. हे काम सुरू केलं ते दोन नर्सनी, अटलांटिकच्या दोन काठांवर, एकमेकींपासून स्वतंत्रपणे. एकीने लोकांच्या घरी जाऊन काम केलं, दुसरीने घरासारखं घर बांधलं. प्रश्न मात्र दोघींपुढे एकच होता : मरणाच्या वाटेवरच्या मुलाला आई-वडील सांभाळणार असतील, तर त्या आई-वडिलांना कोण सांभाळणार?

मुलं बाहेर कशी राहिली

मोठ्या माणसांसाठी हॉस्पिसची कल्पना तोवर रुळू लागली होती. १९६७ मध्ये लंडनच्या सिडनहॅम भागात डॉ. सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं होतं. वेदना असह्य झाल्यावर औषध देण्याऐवजी ती डोकं वर काढण्याआधी, घड्याळ लावून मॉर्फिन द्यायचं, ही तिथली शिस्त. त्या शिस्तीने कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या हजारो रुग्णांचं मरण सुसह्य झालं. १९६९ मध्ये एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं 'ऑन डेथ अँड डाइंग' हे पुस्तक आलं आणि मरणाबद्दल रुग्णाशी बोलणं हा अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या चर्चेचा विषय झाला.

या सगळ्यात मुलं कुठेच नव्हती. त्याला एक चांगलं म्हणावं असं कारण होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रक्ताचा कॅन्सर झालेली शंभरातली जेमतेम काही मुलं पाच वर्षं पार करत. त्याच दशकाच्या अखेरीस मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात अनेक औषधं एकत्र देण्याच्या पद्धतीमुळे जवळपास निम्मी मुलं वाचतील अशी चिन्हं दिसू लागली. जिथे कालपर्यंत हात टेकावे लागत होते तिथे लढता येतंय म्हटल्यावर डॉक्टर शेवटच्या श्वासापर्यंत लढू लागले. उरलेल्या निम्म्या मुलांचे शेवटचे दिवस त्यामुळे सुया, सलाइन आणि काचेपलीकडच्या खोल्यांमध्ये जाऊ लागले.

दुसरं कारण रुग्णालयांच्या सवयीत होतं. मूल दाखल झालं की आई-वडील म्हणजे पाहुणे. ठरल्या वेळी यायचं, ठरल्या वेळी जायचं. ब्रिटनमध्ये १९५९ च्या प्लॅट समितीने आई-वडिलांना मुलाजवळ कधीही येऊ द्या अशी शिफारस केली, पण ती अंगवळणी पडायला पुष्कळ वर्षं गेली. ज्या घराने मुलाला वाढवलं त्याच घराला मुलाच्या मरणसमयी परवानगी मागावी लागत होती.

आणि तिसरं कारण, मुलांच्या वेदनेबद्दलचं अज्ञान. तान्ह्या बाळांना मोठ्यांसारखं दुखत नाही, असा समज सत्तर-ऐंशीच्या दशकापर्यंत वैद्यकात चांगलाच मुरलेला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अगदी जुजबी भूल देऊन शस्त्रक्रिया होत. हा समज मोडण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते डॉ. कंवलजीत सिंग आनंद भारतातून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी नीट वेदनाशमन मिळालेली बाळं आणि न मिळालेली बाळं यांच्या शरीरातले ताणाचे बदल त्यांनी मोजले. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला त्यांचा निबंध वैद्यकाला खडबडून जागं करणारा ठरला. हेलन हाउस ज्या शहरात उभं राहिलं त्याच शहरात, त्याच दशकात हे संशोधन होत होतं. तोवर ज्याच्या वेदनेचीच दखल नव्हती, त्याच्या शेवटच्या दिवसांची व्यवस्था कोण लावणार होतं?

मिनेसोटा : घर हेच रुग्णालय

इडा मार्टिन्सन मिनेसोटा विद्यापीठात नर्सिंग शिकवत होत्या. १९७२ मध्ये त्यांनी शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. त्याच वर्षी रक्ताच्या कॅन्सरने शेवटाकडे चाललेल्या एका मुलाच्या घरच्यांना त्याला रुग्णालयात परत न्यायचं नव्हतं, पण घरी एकट्याने निभावेल असा धीरही होत नव्हता. मार्टिन्सन यांनी त्यांना मदत देऊ केली. त्या घरी जात, काय होऊ शकतं ते आधी समजावून सांगत, औषधं कशी द्यायची ते दाखवत आणि रात्री-अपरात्री फोन करा म्हणत. मुलाने घरीच शेवटचा श्वास घेतला.

असा अनुभव आला की हळहळून, समाधान मानून माणूस पुढे जातो. मार्टिन्सन यांनी त्याचं संशोधनात रूपांतर केलं. १९७६ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचं अनुदान मिळालं आणि १९७८ पर्यंत मिनेसोटा आणि आसपासच्या कुटुंबांसह हा प्रयोग चालला. त्याची मांडणी अगदी सरळ होती, आणि सरळ असूनही त्या काळच्या रुग्णालयातली उतरंड उलटी करणारी होती. मुलाची काळजी घेणारे मुख्य लोक आई-वडील. त्यांच्यामागे नर्स : घरी भेट देणारी आणि चोवीस तास फोनवर मिळणारी. डॉक्टर सल्लागार, विचारलं की सांगणारा. मूल परत रुग्णालयात न्यायचं वाटलं तर कधीही नेता येईल, त्यात कमीपणा नाही, हेही आधीच सांगितलेलं.

या प्रयोगातल्या ५८ मुलांचा मृत्यू झाला, त्यांतली ४६ मुलं आपल्या घरी गेली. रुग्णालयाच्या तुलनेत खर्चही बराच कमी आला. आकड्यांपेक्षा महत्त्वाचं होतं ते कुटुंबांच्या वागण्यातून दिसलेलं. आई-वडिलांना हे जमणार नाही, ते कोसळतील, हा डॉक्टरांचा ठाम समज होता. तो खोटा ठरला. त्यांना जमत होतं. अट एवढीच, की फोन केला तर पलीकडून कुणी तरी उचलायला हवा. सगळी कुटुंबं रात्री फोन करत असत असंही नाही. करता येतो ही खात्रीच त्यांना पुरत असे.

मार्टिन्सन यांनी पुढे हे काम परदेशांतल्या नर्सपर्यंत नेलं. अमेरिकेत १९७८ मध्ये व्हर्जिनियातल्या सफोक इथे 'एडमार्क' ही मुलांसाठीची हॉस्पिस सेवा सुरू झाली. एक आजारी मूल आणि एक आजारी धर्मोपदेशक यांच्या नावांतून तिचं नाव घडलं होतं. स्थानिक चर्चच्या लोकांनी ती उभारली आणि तिचं काम लोकांच्या घरांतच चाले.

ऑक्सफर्ड : उसनं मागितलेलं मूल

अटलांटिकच्या या बाजूला फ्रान्सिस डोमिनिका नावाची नर्स वेगळ्या वाटेने त्याच प्रश्नापाशी आली. स्कॉटलंडात १९४२ मध्ये जन्मलेल्या फ्रान्सिस यांनी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या प्रसिद्ध रुग्णालयात शिक्षण घेतलं. १९६६ मध्ये त्या 'ऑल सेंट्स सिस्टर्स ऑफ द पुअर' या अँग्लिकन संघात दाखल झाल्या आणि १९७७ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आतच, संघाच्या मदर सुपिरिअर झाल्या. हा संघ मुंबईलाही परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच संघाच्या भगिनी मुंबईत आल्या होत्या आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी शुश्रूषेचं काम केलं होतं. रुग्णाजवळ बसणं हे या संघाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम.

१९७८ मध्ये हेलन नावाच्या अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलीच्या मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रियेने गाठ काढली, जीव वाचला, पण मेंदूला झालेली इजा भरून येणारी नव्हती. हेलन बोलू शकत नव्हती, स्वतःहून काही करू शकत नव्हती. कित्येक महिने रुग्णालयात काढल्यावर डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नाही आणि आई-वडिलांनी तिला घरी आणलं. आता दिवस-रात्र तिचं सगळं करणं आलं, आणि ते किती महिने की किती वर्षं, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

याच काळात फ्रान्सिस यांची या कुटुंबाशी ओळख झाली. त्यांनी उपदेश केला नाही आणि उपचारही सुचवले नाहीत. त्या हेलनच्या घरी जात राहिल्या, मैत्रीण झाल्या. मग त्यांनी आई-वडिलांना एक साधी गोष्ट विचारली : अधूनमधून मुलीला माझ्याकडे देता का? हेलन मठात राहायला येऊ लागली. ते दोन-चार दिवस आई-वडिलांना सलग झोप मिळे, मोठ्या निर्धास्तपणे बाहेर जाता येई, आणि हेलन परत आली की पुढचे आठवडे रेटायला अंगात बळ असे. हेलनची आई जॅकलिन वर्सविक यांनी पुढे १९९३ मध्ये 'अ हाउस कॉल्ड हेलन' हे पुस्तक लिहून ही सगळी हकीगत मांडली.

या उसनवारीतून कल्पना निघाली. एका कुटुंबाला जे मिळालं ते इतरांना का मिळू नये? मठाच्या बागेत जागा होती. पैसा नव्हता. सरकारी आरोग्यसेवेच्या चौकटीत हे बसत नव्हतं, कारण इथे कुणी बरं होणार नव्हतं. पैसा आला तो देणग्यांमधून. कुटुंबाकडून एक पेनीही घ्यायची नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. जॉन रॅडक्लिफ रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ डॉ. डेव्हिड बॉम यांचा आधार मिळाला, डॉ. रॉजर बर्न हे फॅमिली डॉक्टर सोबतीला आले, आणि दोन-तीन वर्षांत घर उभं राहिलं.

आठ मुलांचं घर

मुलं आठ, कारण त्याहून जास्त झाली की घराचा वॉर्ड होतो. कर्मचाऱ्यांना गणवेश नाही. भावंडांना येऊन राहण्याची मुभा, आई-वडिलांसाठी वेगळी सदनिका, आणि घरचा कुत्रा आला तरी त्याला मज्जाव नाही. खाण्याच्या, झोपण्याच्या, आंघोळीच्या वेळा मूल घरून घेऊन येई. घरी रात्री अकराला झोपणारं मूल इथेही अकराला झोपे. मुलाला कसं उचलायचं, कोणत्या कुशीवर ते शांत होतं, कण्हण्याचा कोणता सूर म्हणजे दुखणं आणि कोणता म्हणजे कंटाळा, हे आईने सांगायचं आणि नर्सने लिहून घ्यायचं. माहिती देणारी आई आणि शिकणारी नर्स, हा क्रम कटाक्षाने पाळला जाई.

या घरात एक लहानशी खोली होती आणि आजही मुलांच्या बहुतेक ब्रिटिश हॉस्पिसमध्ये तशी असते. ती थंड ठेवता येते. मूल गेलं की त्याला शवागारात न पाठवता अंत्यविधीपर्यंत त्या खोलीत, त्याच्या पलंगावर, त्याच्या खेळण्यांसह ठेवता येतं. आई-वडील हवं तेव्हा आत जाऊन बसतात. भावंडं येतात. मुलाला आंघोळ घालणं, आवडते कपडे घालणं हे सारं आई-वडिलांना करायचं असेल तर त्यांनीच करायचं. एखाद्या मराठी घराला यात नवल वाटणार नाही. शेवटची आंघोळ घरच्यांच्या हातची, ही आपल्याकडे रीतच आहे. पण विसाव्या शतकातल्या युरोपात मृत्यू झाल्याबरोबर मृतदेह व्यावसायिकांच्या हाती जाई, आणि मूल तर बघताबघता दृष्टीआड होई. फ्रान्सिस यांनी आई-वडिलांचा हा हक्क मागून घेतला आणि पुढे त्यावर लिहिलंही.

सुरू होऊन वर्ष झाल्यावर बर्न, फ्रान्सिस आणि बॉम यांनी पहिल्या वर्षाचा लेखाजोखा १९८४ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला. त्यात सगळ्यांच्या अपेक्षेला धक्का देणारी गोष्ट होती. हॉस्पिस म्हणजे कॅन्सर, हे समीकरण इथे लागू पडत नव्हतं. येणाऱ्या मुलांत कॅन्सरची मुलं थोडी होती. मेंदू आणि मज्जासंस्था हळूहळू निकामी करणारे जन्मजात आजार असलेली मुलं जास्त होती. चालणारं मूल चालेनासं होतं, बोलणारं बोलेनासं होतं, आणि हे सारं पाच-दहा वर्षं चालतं. काही घरांत एकाच आजाराची दोन-दोन मुलं. यांतली बरीच मुलं मरण्यासाठी येत नव्हती. चार दिवस राहून घरी जाण्यासाठी येत होती, वर्षानुवर्षं.

इथे मुलांचं हॉस्पिस मोठ्यांच्या हॉस्पिसपासून वेगळं झालं. मोठ्यांच्या बाबतीत हिशोब शेवटच्या काही आठवड्यांचा असतो. मुलांच्या बाबतीत निदानाच्या दिवसापासून काम सुरू होतं आणि मूल गेल्यावरही आई-वडिलांसाठी आणि भावंडांसाठी चालू राहतं. बॉम यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये या मुलांसाठी 'ॲक्ट' ही संघटना झाली. तिने आणि बालरोगतज्ज्ञांच्या व्यावसायिक संस्थेने १९९७ मध्ये या मुलांचे चार गट मांडले : बरं होण्याची शक्यता आहे पण उपचार हरू शकतात असे, उदाहरणार्थ कॅन्सर, अकाली मृत्यू अटळ पण उपचारांनी पुष्कळ वर्षं मिळतात असे, उदाहरणार्थ ड्युशेन स्नायुविकार, बरं करणारं औषधच नाही असे वाढत जाणारे आजार, आणि मेंदूला झालेल्या इजेमुळे कायम धोक्यात असलेली, सेरेब्रल पाल्सीसारखी मुलं. ही वाटणी जगभर आजही वापरली जाते. स्वतः बॉम १९९९ मध्ये कोसोव्होतल्या मुलांसाठी निधी गोळा करणाऱ्या सायकलफेरीत कोसळले आणि गेले. त्या वेळी ते बालरोगतज्ज्ञांच्या त्याच संस्थेचे अध्यक्ष होते.

घर की हॉस्पिस?

सगळेच डॉक्टर खूश नव्हते. कॅन्सरवर काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं होतं, की मुलाची जागा त्याच्या स्वतःच्या घरात आहे, मग नव्या इमारती कशाला? १९८६ मध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटमध्ये डॉ. ॲन गोल्डमन यांनी कॅन्सरच्या मुलांसाठी एक पथक सुरू केलं. त्याच्या नर्स घरी जात, स्थानिक डॉक्टरांना मार्गदर्शन करत आणि चोवीस तास फोनवर असत. मार्टिन्सन यांचाच धागा लंडनमध्ये पुन्हा विणला गेला. या पथकाच्या अनुभवावरून 'घर, रुग्णालय की हॉस्पिस' अशी चर्चा वैद्यकीय नियतकालिकांत रंगली. १९९४ मध्ये वॉर्सामध्ये भूलतज्ज्ञ डॉ. तोमाश दांगेल यांनी मुलांचं हॉस्पिस सुरू केलं ते पूर्णपणे घरोघरच्या सेवेचं.

दुसरीकडे घरंही उभी राहत होती. यॉर्कशरमध्ये १९८७ मध्ये मार्टिन हाउस, पुढच्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये एकॉर्न्स, १९९५ मध्ये व्हँकुव्हरमध्ये कॅनक प्लेस, १९९८ मध्ये जर्मनीत ओल्पे इथे बाल्थाझार. ऑक्सफर्डमध्ये हेलन हाउसला जोडून २००४ मध्ये सोळा वर्षांपुढच्या तरुणांसाठी डग्लस हाउस उघडलं, कारण उपचार सुधारल्याने जी मुलं पंधराव्या वर्षी गेली असती ती आता पंचविशीपर्यंत जगू लागली होती. चौदाच वर्षांत, २०१८ मध्ये, पैशाअभावी डग्लस हाउस बंद करावं लागलं. श्रीमंत देशात, तीन दशकांची पुण्याई गाठीला असलेल्या संस्थेला हे करावं लागलं. इमारत उभारण्याचा खर्च एकदाच येतो, माणसांचा पगार दर महिन्याला येतो, हा धडा पुढच्यांनी घ्यावा असा आहे.

परळ ते जव्हार

भारतात पहिलं हॉस्पिस मुंबईत, वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालं : डॉ. लुईस डिसोझा यांचं शांती आवेदना. ते कॅन्सरच्या रुग्णांसाठी होतं आणि पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. मुलांचा वेगळा विचार परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरू झाला. डॉ. मेरी ॲन मुकादन यांनी तिथे मुलांसाठी स्वतंत्र पॅलिएटिव्ह केअर सेवा, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, उभी केली.

टाटाच्या दारात येणारं मूल अनेकदा बिहारचं, बंगालचं किंवा विदर्भातल्या एखाद्या खेड्यातलं असतं. उपचार थांबवायचे ठरले की ते कुटुंब हजार-दीड हजार किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून गावी परततं. मुंबईतलं कुठलंही घरभेटीचं पथक तिथे पोचत नाही. आपल्याकडे घरी मरणं नवीन नाही, बहुतेक माणसं घरीच जात आली आहेत. नवीन आहे ते घरी वेदनेविना मरणं. ते मिळायचं तर गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात औषध आणि ते द्यायला शिकलेलं माणूस असावं लागतं.

हे ओळखून २०१० मध्ये महाराष्ट्रात मुलांसाठी एक प्रकल्प सुरू झाला. ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीतून आणि ब्रिटनच्या 'हेल्प द हॉस्पिसेस' संस्थेच्या सहकार्याने, टाटा मेमोरियल आणि भारतीय पॅलिएटिव्ह केअर संघटनेने तो हाती घेतला. एक केंद्र मुंबईत, सायनच्या पालिका रुग्णालयात. दुसरं जव्हारच्या कुटीर रुग्णालयात, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात. पाडे डोंगरात विखुरलेले, एसटी दिवसातून मोजक्या फेऱ्यांची, आणि आजार फक्त कॅन्सरचा नाही. ऑक्सफर्डच्या पहिल्या वर्षाने शिकवलं होतं तेच इथेही दिसलं : मेंदूच्या इजेची मुलं, जन्मजात व्याधींची मुलं, एचआयव्हीची मुलं. इथे बागेतलं घर बांधण्याचा प्रश्नच नव्हता. डॉक्टर, नर्स आणि समाजसेवक यांना शिकवून आहे त्या सरकारी व्यवस्थेत हे काम रुजवायचं होतं.

त्या शिक्षणाचा पाया अगदी जमिनीवरचा असतो. मॉर्फिनचं पातळ औषध मुलाच्या वजनाप्रमाणे मोजायचं, दर चार तासांनी द्यायचं, दुखायची वाट बघायची नाही. ते सुरू केलं की पोट साफ होण्याचं औषध सोबत सुरू करायचं, नाहीतर मूल बद्धकोष्ठाने हैराण होतं आणि आई मॉर्फिनच बंद करते. पहिले एक-दोन दिवस गुंगी येईल, ती उतरेल, हे आधी सांगून ठेवायचं. बोलता न येणाऱ्या मुलाच्या वेदनेचा अंदाज चेहऱ्यावरून, पायांच्या हालचालीवरून, रडण्यावरून घ्यायचा. हे शिकायला मोठी पदवी लागत नाही. शिकवणारा आणि औषध लागतं.

फेब्रुवारी २०१४

औषधाची गाठ कायद्याशी होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट करून टाकलं, की एकेका रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, तेही वेगवेगळ्या मुदतींचे, जमवावे लागत. बहुतेकांनी नाद सोडला. अफूचं औषधी उत्पादन करणाऱ्या या देशातच रुग्णाला मॉर्फिन मिळेनासं झालं.

२०१४ च्या फेब्रुवारीत तीन घटना लागोपाठ घडल्या. १० ते १२ तारखेला मुंबईत मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुलांच्या या सेवेसाठी काम करणाऱ्या जागतिक संघटनेची ही पहिलीच परिषद होती. ती भरत असताना बेल्जियमच्या संसदेपुढे मुलांच्या इच्छामरणाचा कायदा होता. मुंबईत जमलेल्या लोकांनी जाहीरनामा काढला : मुलाला वेदनेतून सोडवण्याचा मार्ग म्हणजे चांगली शुश्रूषा, इच्छामरण हा तिचा पर्याय नव्हे, सरकारांनी ही शुश्रूषा प्रत्येक मुलाला मिळेल असं पाहावं. १३ तारखेला बेल्जियमने कायदा मंजूर केलाच. आणि त्यानंतर साधारण आठवड्याभरात भारताच्या संसदेने १९८५ च्या कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी अनेक परवान्यांऐवजी एकच मान्यता पुरेशी केली. त्याच वर्षी मे महिन्यात जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य सभेने पॅलिएटिव्ह केअर हा आरोग्यसेवेचा भाग असायला हवा असा ठराव केला.

ठराव आणि दुरुस्त्या कागदावर झाल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की जगात दोन कोटींहून अधिक मुलांना दरवर्षी या सेवेची गरज असते. त्यांतली बहुसंख्य मुलं आपल्यासारख्या देशांत आहेत आणि सेवा बहुतांशी श्रीमंत देशांत आहेत.

पन्नास वर्षांच्या या इतिहासाचा निवाडा करायचा तर तो मार्टिन्सन यांच्या बाजूने करावा लागेल, आणि त्यात फ्रान्सिस यांना कमी लेखणं अजिबात नाही. हेलन हाउसने जगाला दाखवलं की या मुलांची आणि त्यांच्या आई-वडिलांची काळजी किती उत्तम घेता येते. मिनेसोटाने दाखवलं की ती कमी खर्चात, बांधकामाविना, घराघरात घेता येते. महाराष्ट्रासारख्या राज्यात प्रत्येक जिल्ह्यात आठ मुलांचं सुंदर घर व्हायला कदाचित आणखी पन्नास वर्षं लागतील. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनची मान्यता, मुलांना मोजून देता येईल असं पातळ औषध, घरी जाणारी एक शिकलेली नर्स आणि तिचा रात्री लागणारा फोन नंबर, एवढं व्हायला पन्नास वर्षं लागण्याचं काही कारण नाही. आपल्या गावात देणगी देणाऱ्या संस्था आहेत, ट्रस्ट आहेत, निवृत्त नर्स आहेत. रुग्णवाहिका आणि शीतपेट्या भेट देण्याची आपल्याकडे चांगली प्रथा आहे. पुढची देणगी द्यायची वेळ येईल तेव्हा आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन या चार गोष्टी आहेत का, एवढं विचारा. नसतील तर एका नर्सच्या प्रशिक्षणाचा आणि पगाराचा भार उचला.